पेटीवर ३१.६, आत १४! कासवाच्या नादात ३३,१५० रुपये घालवले

आधीच सांगून टाकतो, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतो. उष्णतेचा धडा आठवीला मीच घेतो. हसायचं तेवढं इथंच हसून घ्या. घरात रोज हसणारे आहेतच, त्यात तुमची भर.

एकूण गेले ३३,१५० रुपये. कासवाचे १६,५००, 'थंडीच्या सेट'चे ८,९००, 'कागदा'चे २,५००, नागपूरहून परतवाड्यापर्यंत ट्रॅव्हल्सनं खोकं आणायचे ६००. मग १२ डिसेंबरला 'नाव बदलायची फी' म्हणून ३,२०० आणि २० डिसेंबरला नवा बल्ब १,४५०. सगळे यूपीआयनं, आणि तीन वेगवेगळ्या नावांवर. नावं वेगळी का, हे मी विकणाऱ्याला विचारलं होतं बरं का. "सर, ते भावाचं खातं हाय, माह्यं लिमिट संपलं." माझं लिमिट संपलं की मीही बायकोच्या फोनवरून पाठवतो, म्हणून पटलं. पैसे घेणारा एक आणि नाव दुसऱ्याचं दिसलं की तिथंच फोन खाली ठेवा. मी ठेवला नाही.

कासवच कशाला, असं सगळेच विचारतात. आम्ही चिखलदऱ्याच्या पल्याड, घाटावर राहतो. दोन वर्षांत दोन कुत्री बिबट्यानं नेली. दुसरं तर आम्ही आत जेवत असताना अंगणातून उचललं, नुसती साखळी राहिली. पोरगी चार दिवस नीट जेवली नाही. घरात राहील, भुंकणार नाही, रात्री बाहेर बांधावं लागणार नाही असा एखादा जीव तिला हवा होता. तिनंच मोबाईलवर ते कासव दाखवलं. काळी पाठ, त्यावर पिवळट ठिपके आणि पुढच्या पायांवर तिखटाच्या रंगाचे खवले. रेडफूट म्हणतात, मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. निळ्या फरशीवर ते पपईची फोड खात होतं. मलाही आवडलं, खोटं कशाला बोलू.

आणि मी काही डोळे मिटून गेलो नाही. आपल्याकडचं स्टार कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, ते घरात ठेवणं गुन्हा आहे, हे मला पक्कं माहीत होतं. विकणाऱ्यानं आधी तेच देऊ केलं, ३,००० ला जोडी. मी साफ नाही म्हणालो, वर १९७२ च्या कायद्यावर पाच मिनिटं बौद्धिक घेतलं. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "गुरुजी, तुमच्यासारखे लोकं भेटतच नाईत आता." त्या वाक्याला मी भाळलो. आता कळतं, हे गिऱ्हाईक कायद्याला भितं म्हणजे याला कागद विकता येईल, एवढंच त्यानं त्या पाच मिनिटांत टिपलं असणार. दुसऱ्या दिवशी रेडफूटच्या सरकारी नोंदणीचा 'ओरिजनल कागद' २,५०० ला हजर.

माझी एकच शंका होती, थंडी. चिखलदरा समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरवर. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे पहाटे पारा पाच-सहावर येतो, अंगणातल्या बादलीत हात घालवत नाही. उष्ण, दमट जंगलातला जीव इथं जगेल कसा? हा प्रश्न मी स्वतः विचारला, आणि त्याचं उत्तर म्हणून मला तो 'थंडीचा सेट' मिळाला. प्लायची तीन बाय दोन फुटांची बंद पेटी, आतून थर्माकोल, तळाला उबेची चटई, छताला जांभळा बल्ब, आणि दर्शनी बाजूला डिजिटल मीटर. मीटरची वायर आत गेलेली, तिच्या टोकाला काळा ठोकळा. पेटीची कल्पना चुकीची नव्हतीच. असं कासव थंड भागात घरात ठेवायचं तर बंद, उबदार, ओलसर पेटीच लागते. दिवसा सत्तावीस-तीस अंश, रात्रीही चोवीस-पंचविसाच्या खाली जाता कामा नये, आणि ऊब वरून हवी. तळाच्या चटईनं पोट भाजतं आणि पाठ गारच राहते. हे सगळं मी आता वाचलंय. तेव्हा पेटी पाहून मी हरखलो होतो.

बल्बाची गंमत तर ऐकाच. व्हिडिओ कॉलवर त्यानं बल्बाखाली पाचशेची नोट धरली. नोटेवरचे आकडे चमकायला लागले. "पाहा सर, यूव्ही!" मी मान डोलावली. अरे, यूव्ही म्हणजे अतिनील किरण, त्यांचे प्रकार असतात. नोट चमकते ती यूव्हीए किरणांनी, तसला जांभळा बल्ब लग्नाच्या डीजेवाल्याकडेही असतो. कासवाच्या अंगात ड जीवनसत्त्व तयार व्हायला यूव्हीबी लागतं, साधारण २८० ते ३१५ नॅनोमीटरचं. ते डोळ्यांना दिसत नाही, त्याचा रंग जांभळा नसतो आणि नोट धरून ते तपासता येत नाही. खिडकीच्या काचेतूनही ते आत येत नाही, म्हणून 'उन्हाच्या खिडकीत ठेवा' हा सल्लाही कुचकामी. वर्णपटाची आकृती मी फळ्यावर किती वेळा काढली असेल!

कासव २३ नोव्हेंबरला आलं. गावभर बातमी. लोक पाहायला यायचे आणि पहिलं काय करायचे, तर नखं मोजायचे. वीस नखांचं निघालं तर पैशांचा पाऊस पडतो म्हणे. याची निघाली अठरा, पुढं पाच-पाच, मागं चार-चार. मंडळी हिरमुसून चहा पिऊन जायची. मी प्रत्येकाला अंधश्रद्धेवर व्याख्यान द्यायचो. पैशांचा पाऊस माझ्याच खिशातून पडून गेलाय, हे मला कुठं ठाऊक होतं.

आता ती सकाळ. १९ डिसेंबर. आदल्या रात्री नऊला लाईट गेली ती रात्रभर आलीच नाही. आमच्याकडे हे नवं नाही. माझा छोटा इन्व्हर्टर पहाटे दोनच्या सुमारास बसला. सहाला उठलो तर तोंडातून वाफ निघत होती. बायको कासवाला पालक द्यायला गेली आणि तिनं आतूनच हाक मारली, "अहो, हा डबा तं थंडा लागून राह्यला!" मी शाल गुंडाळून गेलो. तिचा हात पेटीत होता. मी मीटरकडे बोट केलं. ३१.६. "थर्माकोल आहे, ऊब धरून ठेवतं," मी म्हणालो. ती म्हणाली, "माह्या हाताले कळते नं." मी म्हणालो, "हाताला काय कळतं? हात हे काही मापक नव्हे."

हे वाक्य मी वर्गात दरवर्षी बोलतो. एक हात गरम पाण्यात, एक गार पाण्यात, मग दोन्ही कोमट पाण्यात. स्पर्श फसवतो, म्हणून तापमापी. तेच वाक्य मी त्या बाईच्या तोंडावर मारलं, जिचं बरोबर होतं.

नऊ तास वीज नव्हती. बाहेर सहा अंश. चटई बंद, बल्ब बंद. तरी आकडा ३१.६. मीटरला बटन सेल होता, म्हणून तो चालू राहिला हे ठीक, पण आकडा? आल्या दिवसापासून तो ३१.६ च होता. सकाळी, दुपारी, बल्ब लावल्यावर, काढल्यावर. एक दशांशही कधी हलला नाही. जगातला कुठलाही खरा तापमापी असा थिजून बसत नाही, नुसतं झाकण उघडलं तरी हलतो. मी मात्र त्या न हलण्यालाच 'काय क्वालिटी आहे' म्हणून शिक्षकांच्या खोलीत मिरवत होतो.

कासवानं खाणं सोडलं होतं. त्या माणसाला फोन केला तर म्हणे, "सर, झोपलं हाय ते. थंडीत झोपतेच, शीतनिद्रा." आणि वर, "बल्ब जुना झाला असन, नवा पाठवतो." तो १,४५० चा. लक्षात घ्या, रेडफूट शीतनिद्रा घेत नाही. त्याच्या मूळच्या मुलखात हिवाळाच नसतो, तर झोपेल कशाला? थंडीत गप्प पडलेलं रेडफूट झोपलेलं नसतं, गारठलेलं असतं. 'झोपलंय' असं कोणी सांगितलं की समजा, तो वेळ काढतोय, पैसे पचवतोय.

२८ तारखेला कासवाच्या नाकातून बारीक फुगा आला. साबणाच्या फेसासारखा, श्वासागणिक लहान-मोठा होणारा. मान लांब करून तोंड उघडं ठेवून श्वास घेत होतं. तेव्हा कुठं मी शाळेतला साधा, लाल रेषेचा तापमापी आणून पेटीत ठेवला. १४. चटई आणि बल्ब दोन्ही चालू असताना १४. मग मीटरचं ते काळं टोक बर्फ घातलेल्या पाण्यात बुडवलं. मीटर म्हणाला, ३१.६.

ब्लेडनं ठोकळा चिरला. आत संवेदक नव्हताच. दीड-दोन रुपयांना मिळतो तसला साधा रेझिस्टर, म्हणजे ठरावीक विद्युत रोधाचा तुकडा, डकवलेला. मल्टीमीटरवर मोजला, साडेसात किलोओहम. असल्या मीटरचा संवेदक गरम होईल तसा त्याचा रोध कमी होतो आणि मीटर त्या रोधावरून अंश दाखवतो. रोध कायमचा साडेसात ठेवला की मीटर आयुष्यभर साडेएकतीसच्या आसपास दाखवत बसणार. म्हणजे ही स्वस्त माल गळ्यात मारल्याची चूक नव्हे. गिऱ्हाईकानं थंडीची तक्रारच करू नये म्हणून कोणीतरी बसून, रेझिस्टर निवडून, डाग देऊन हे केलंय. कुठलाही मीटर घ्या, आधी बर्फाच्या पाण्यात बुडवून शून्य येतो का ते पाहा. आणि तापमापी दोन ठेवा, दुसरा विकणाऱ्याकडचा नको.

गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून ठेवल्या, रात्री तीन-तीन तासांनी बदलल्या. तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. माणूस चांगला, खोटी आशा दाखवली नाही. म्हणाले, "गुरुजी, मी गाई-बैलांचा. छातीत गेलंय एवढं दिसतं, पण हे नागपूरलाच न्या." २ जानेवारीला, नागपूरला निघायच्या आदल्या रात्री, ते गेलं. पोरीला सकाळी सांगितलं. ती काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

इथून पुढं सरकारी कथा. ठाण्यात तीनदा गेलो. पहिल्यांदा, "साहेब बंदोबस्तात." दुसऱ्यांदा, "माल भेटला होता नं गुरुजी? मंग फसवणूक कुठं? मेला तं मेला." मी रेझिस्टर दाखवला. त्यांनी तो हातात फिरवून बाजूच्याला दाखवला आणि दोघंही हसले. तिसऱ्यांदा अर्ज घेतला, पोच द्यायला शिक्का सापडेना. वनखात्याच्या कार्यालयात गेलो तर पहिलं उत्तर, "विदेशी प्राणी आमच्याकडे येत नाही." मी तो कागद पुढं केला. समोरच्यानं दोन सेकंदांत परत सरकवला. "मजकुरात २०२४ चे नियम लिहिलेत आणि सहीखाली तारीख १४ जून २०२२. वाचलं नव्हतं का?" नव्हतं. अशोकस्तंभ आणि गोल शिक्का पाहून मी फाईलला लावला होता. मग म्हणाले, "कागद खोटा म्हणजे प्राणी बेकायदा तुमच्या ताब्यात. तक्रार कराल तर पहिले नाव तुमचंच येईन." म्हणजे दोन मिनिटांपूर्वी जो विषय त्यांचा नव्हता, तो मला आत टाकायचं म्हटल्यावर लगेच त्यांचा झाला! वरच्या कार्यालयात जा म्हणाले. वरचे म्हणाले खालूनच यायला पाहिजे. मेलेल्या कासवाचं काय करू, हे लेखी विचारलं. तोंडी उत्तर आलं, "पुरून टाका अन् विषय संपवा." एसटीनं चार खेटे, तीन किरकोळ रजा, आणि मुख्याध्यापकांना कारण काय लिहू? 'कासव'? 'खाजगी काम' लिहिलं. विकणारा मोकळा, त्याची तीन खाती मोकळी, आणि ज्यानं कागद मागितला, पैसे मोजले, तोच टेबलाटेबलावर मान खाली घालून उभा.

खऱ्या नोंदणीबद्दल उशिरा कळलं ते असं. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, १ एप्रिल २०२३ पासून, असे बरेच विदेशी प्राणी कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आलेत. त्यांची नोंद केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर ठेवणाऱ्याच्या नावानं होते, प्राणी दुसऱ्याला दिला तर तेही कळवावं लागतं. व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो म्हणजे नोंद नव्हे. आणि पैसे गेले की त्याच तासात सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, १९३० ला, फोन करा. मी केला तो चाळीस दिवसांनी, तोवर खात्यांत काय राहणार?

परवा पोरीनं मोबाईल आणून दिला. नवं नाव, नवा नंबर, तीच निळी फरशी, कोपऱ्यातली तीच तडकलेली टाइल, तोच पपईचा व्हिडिओ. खाली लिहिलंय, 'थंडीचा सेट सोबत, मीटरसह'. मी त्याखाली रेझिस्टरचा फोटो टाकला. दहा मिनिटांत फोटो गायब आणि मी ब्लॉक. निळी फरशी दिसली तर ओळखून राहा.