जळगावातील प्रगत इंग्रजी संभाषणवर्ग : एक अभिप्राय

खान्देशात स्पोकन इंग्लिशचे क्लास गल्लोगल्ली निघाले असले, तरी त्यांपैकी बहुतेक नवशिक्यांसाठी असतात आणि ज्यांना इंग्रजी बऱ्यापैकी येते त्यांची तिथे कुचंबणा होते. युरोपीय भाषा-मापनश्रेणीत ए१ ते सी२ अशा सहा पायऱ्या आहेत. त्यांतील बी२ ही चौथी पायरी गाठलेल्या माणसाचे काम अडत नाही, परंतु त्याचे बोलणे त्याच त्या शब्दांत आणि वाक्यरचनांत फिरत राहते. जळगावातील हा संध्याकाळचा वर्ग खास अशा लोकांसाठी चालवला जातो. मी तिथे विद्यार्थी म्हणून बसत असल्याने त्याबद्दल सविस्तर लिहीत आहे.

‘मोबाइल शाप की वरदान’ छापाचा विषय फळ्यावर लिहून ‘आता बोला’ असे सांगणे म्हणजे संभाषणाचा तास, अशी समजूत सर्वत्र दिसते. येथील मॅडम विषयापेक्षा कामाची आखणी बदलतात आणि वर्ग ताजा राहण्याचे खरे कारण माझ्या मते हेच आहे. एकच मजकूर दर वेळी नव्या श्रोत्याला आधी चार, मग तीन आणि शेवटी दोन मिनिटांत सांगण्याचा सराव त्या नियमितपणे घेतात. न्यूझीलंडचे भाषाशिक्षणतज्ज्ञ पॉल नेशन यांनी १९८९ मधील एका लेखात या पद्धतीची मांडणी केली होती. श्रोता नवा असल्यामुळे पुनरुक्तीचा कंटाळा येत नाही, आणि वेळ कमी होत गेल्याने अडखळणे व भरतीचे शब्द आपोआप गळून पडतात.

याचे उत्तम उदाहरण केळीच्या तासाला पाहायला मिळाले. रावेरकडच्या एका पॅकहाऊसमध्ये काम करणाऱ्या सहाध्यायाला निर्यातीच्या केळीची शीतसाखळी, म्हणजे थंड तापमानातील साठवण व वाहतूक, समजावून सांगायची होती आणि शेवटच्या फेरीत समोर बँकेतील एक ताई होत्या. केळी साधारण १३ अंश सेल्सिअसच्या खाली ठेवली तर साल काळवंडते, हे त्या सहाध्यायाने पहिल्या फेरीत बरेच आडवळण घेऊन सांगितले. तिसऱ्या फेरीत तेच दोन स्वच्छ वाक्यांत आले आणि ताईंनी लगेच विम्याबद्दल प्रश्न विचारला. तो प्रश्न खराखुरा होता, कारण उत्तर त्यांना ठाऊक नव्हते. दोघांकडे निरनिराळी माहिती असली की संभाषण ओढूनताणून करावे लागत नाही.

चुका सुधारण्याची रीतही विचारपूर्वक ठरवलेली आहे. बोलणाऱ्याला मध्येच तोडले जात नाही. मॅडम वहीत टिपणे घेतात आणि शेवटी ती वाक्ये कोणाचेही नाव न घेता फळ्यावर मांडतात. त्यांत केवळ चुकीची वाक्ये नसतात, तर बरोबर असूनही बाळबोध वाटणारी वाक्येही असतात आणि ती अधिक नेमकी कशी करता येतील हे सर्वांनी मिळून शोधायचे असते. प्रगत विद्यार्थ्याला याचीच सर्वाधिक गरज असते, कारण त्याच्या चुका अर्थाच्या आड येत नाहीत आणि म्हणून बाहेर त्या कोणी दाखवून देत नाही.

शनिवारच्या ‘मुक्त चर्चे’बद्दल मात्र माझी स्पष्ट नाराजी आहे. त्या दिवशी पूर्वतयारी नसते, चिठ्ठी उचलून विषय ठरतो आणि ठरावीक दोन-तीन जणच बोलत राहतात. बाकीचे, विशेषतः धुळ्याहून एसटीने येणारे, फक्त ऐकून परत जातात. प्रत्येकाला विषयाचा वेगवेगळा भाग आधी वाचायला दिला, तर सर्वांनाच बोलणे भाग पडेल. शिवाय गट बराच काळ तोच राहत असल्याने एकमेकांची मते आधीच पाठ होतात. अजिंठ्याला जाणारे परदेशी पर्यटक जळगाव स्थानकावर उतरतात. त्यांच्यापैकी कोणी तयार असेल, तर त्याला अधूनमधून श्रोता म्हणून बोलवावे अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

ज्यांना सभेत, मुलाखतीत किंवा ग्राहकाशी दीर्घ आणि मुद्देसूद बोलावे लागते, त्यांनी हा वर्ग जरूर लावावा. आयेल्ट्‌स या आंतरराष्ट्रीय इंग्रजी परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी मात्र आधी विचारणा करावी. त्या परीक्षेतील ११ ते १४ मिनिटांच्या मुलाखतीचा स्वतंत्र सराव येथे घेतला जात नाही, आणि मॅडम प्रवेशाच्या वेळीच तसे सांगतात.