गिअर लिव्हर ढिला झालाय: आवळायचा, बदलायचा की वेल्ड करायचा?

मोटरसायकल चालवताना पाय गिअरचा लिव्हर उचलतो, पण गिअर पडत नाही. दुसऱ्यांदा जोर लावला की पडतो. कधी दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्येच गाडी न्यूट्रलसारखी मोकळी होते आणि इंजिन नुसतं ओरडतं. अशा वेळी बहुतेकांचा संशय क्लचवर जातो, नाहीतर थेट गिअरबॉक्सवर. मात्र दोष अनेकदा बाहेरच, डोळ्यांसमोर असतो. लिव्हर इंजिनातून बाहेर येणाऱ्या शाफ्टवर (दांड्यावर) पक्का बसलेला नसतो, त्यामुळे पायाचा अर्धा जोर तो खेळ, म्हणजे मधली मोकळीक, भरून काढण्यातच जातो.

त्यावर उपाय बरेच आहेत आणि प्रत्येकाचा कोणीतरी पुरस्कर्ता भेटतोच. माझ्या मते निवड एकाच गोष्टीवर ठरते: झिजलंय काय, लिव्हर की शाफ्ट? लिव्हर दहा मिनिटांत बदलतो. शाफ्टचं दुसरं टोक इंजिनाच्या पोटात असतं. म्हणून कोणताही उपाय निवडताना मी आधी पाहतो, की त्याने शाफ्टचं काय होणार आहे.

आधी खेळ नेमका कुठे आहे ते बघा

इंजिन बंद ठेवून शाफ्टच्या टोकावर आणि लिव्हरवर मिळून मार्करने एक सरळ रेघ ओढा. आता हाताने लिव्हर हळू वरखाली करा. रेघ तुटली, म्हणजे लिव्हरवरचा भाग हलला आणि शाफ्टवरचा जागेवर राहिला, तर खेळ दात्यांमध्ये, म्हणजे शाफ्टवर आणि लिव्हरच्या भोकात एकमेकांत बसणाऱ्या बारीक खाचांमध्ये, आहे. रेघ अखंड राहून दोन्ही एकत्र थोडे हलत असतील तर काळजी नको. आतली यंत्रणा गिअरचा ड्रम (जो फिरला की गिअर बदलतो) पकडेपर्यंत तेवढी मोकळीक चांगल्या गाडीतही असते. शाफ्टच वरखाली डगमगत असेल आणि तिथे तेल पाझरत असेल, तर प्रकरण वेगळं आहे. लिव्हर कितीही नवा आणला तरी ते सुटणार नाही.

मग लिव्हर काढा. बोल्ट नुसता सैल करून लिव्हर ओढायला जाऊ नका, तो निघणार नाही. बहुतेक गाड्यांत शाफ्टच्या दात्यांना आडवी खाच असते आणि बोल्ट त्या खाचेतून जातो. बोल्ट ढिला झाला तरी लिव्हर रस्त्यात गळून पडू नये, यासाठी ही सोय आहे. बोल्ट पूर्ण बाहेर काढा, जागेची खूण करून ठेवा आणि दाते ब्रशने केरोसीनमध्ये स्वच्छ करा. शाफ्टवर जो भाग लिव्हरखाली येत नाही, तिथले दाते कोरे राहिलेले असतात. त्यांच्याशी झिजलेल्या भागाची तुलना केली की शंका उरत नाही.

नुसतं आवळणं आणि चीर रुंद करणं

दोन्हीकडचे दाते धारदार दिसत असतील तर नवा बोल्ट, खाली वॉशर, आट्यांवर मध्यम ताकदीचं थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा गोंद), एवढं पुरेसं आहे. हा बोल्ट सहसा 6 मिमीचा असतो आणि त्याला साधारण 10 ते 12 न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. म्हणजे 10 चा छोटा पाना आणि मनगटाचा जोर. लांब दांड्याने आवळणारे ॲल्युमिनियमच्या लिव्हरमधले आटे घालवतात आणि मग दुरुस्ती दुप्पट होते. आटे गेलेच असतील तर एक माप मोठा टॅप मारण्यापेक्षा, म्हणजे मोठे आटे पाडण्यापेक्षा, हेलिकॉइल (तारेच्या गुंडाळीचे नवे आटे) बसवलेलं बरं, कारण मोठा बोल्ट शाफ्टच्या खाचेत मावेलच असं नाही.

पण आवळण्याआधी लिव्हरची चीर, म्हणजे बोल्ट आवळला की जी मिटत जाते ती भोकाजवळची फट, बघा. बोल्ट आवळल्यावर ती फट पूर्ण मिटत असेल तर पुढचा सगळा जोर वाया जातो. लिव्हरचे दोन ओठ एकमेकांना भिडलेले असतात आणि शाफ्टला कोणीच पकडत नाही. बोल्ट घट्ट लागतो, म्हणून आपल्याला काम झाल्यासारखं वाटतं, आणि दोन दिवसांत लिव्हर पुन्हा सटकतो. ही फसगत मी स्वतः बराच काळ सहन केली आहे.

इथे हॅकसॉचं पातं त्या चिरेतून दोन-चारदा फिरवून फट रुंद करायची. काम इतकं सोपं आहे की लोक त्याकडे दुर्लक्ष करतात. याचा मोठा गुण म्हणजे झीज झाली तरी दाते दात्यांनाच पकडतात, मध्ये कुठली परकी वस्तू येत नाही. जे कापलं जातं ते लिव्हरचं, शाफ्टला धक्का नाही. मर्यादा एवढीच की दाते निदान निम्मे तरी शिल्लक हवेत.

पत्र्याची पट्टी

शीतपेयाच्या डब्याचा पत्रा कापून शाफ्टभोवती गुंडाळायचा आणि त्यावर लिव्हर ठोकून बसवायचा, हा उपाय सगळ्यांना माहीत असतो. तो पत्रा जेमतेम 0.1 मिमी जाडीचा असतो. चिरेच्या समोरच्या बाजूला तो नीट बसला तर लिव्हर खरोखर घट्ट होतो. रस्त्यात अडकलात आणि घरी पोहोचायचंय, तर यासारखं दुसरं काही नाही.

चीर रुंद करणं आणि पट्टी यांत निवडायचं झालं तर मी घरी असताना कधीच पट्टी निवडणार नाही. ॲल्युमिनियम मऊ असतं. प्रत्येक गिअरला ते दबतं, फाटतं आणि तुकडे होऊन बाहेर येतं. मग लिव्हर पुन्हा हलायला लागतो. तो ज्या दिवशी हलू लागतो त्या दिवशी पट्टी बदलली जात नाही, आठवड्याने बदलली जाते. त्या आठवड्यात शाफ्टचे दाते झिजतात. पितळेची पट्टी थोडी जास्त टिकते, एवढाच फरक.

नवा लिव्हर

लिव्हरचे दाते सपाट झालेत आणि शाफ्टचे चांगले आहेत, तर उत्तर सरळ आहे: लिव्हर बदला, आजच बदला. जुना मऊ लिव्हर झिजून शाफ्टला वाचवत असतो, पण बोल्ट ढिला ठेवून गाडी फिरवत राहिलात तर ही कृपा फार काळ टिकत नाही.

लोखंडी घ्यायचा की ॲल्युमिनियमचा? गाडी पडली तर लोखंडी लिव्हर वाकतो आणि वाकवून सरळही करता येतो. ॲल्युमिनियमचा एकदा वाकला की सरळ करताना तडकण्याची भीती असते. दात्यांच्या बाबतीत मात्र उलटं आहे. खेळ आलाच, तर ॲल्युमिनियम आधी स्वतः झिजतं, लोखंडी लिव्हर मात्र शाफ्टला चावतो. खडबडीत वाटेने जाणाऱ्याने लोखंडी घ्यावा आणि बोल्टवर लक्ष ठेवावं. टाच आणि पंजा दोन्हीकडून दाबायचा लांब लिव्हर असेल, तर टाचेकडून शरीराचं बरंच वजन पडतं, म्हणून तिथे बोल्ट जास्त वेळा तपासावा लागतो.

शाफ्ट किंचित झिजलाय आणि लिव्हर नवा आहे, अशा मधल्या अवस्थेसाठी बेअरिंग बसवताना वापरतात तो रिटेनिंग कंपाउंड (एकात एक बसणारे धातूचे भाग चिकटवणारा गोंद) चांगला. त्याचे काही प्रकार 0.25 मिमीपर्यंतची फट भरून काढतात. दोन्ही बाजू तेलमुक्त हव्यात आणि तो सुकायला पुरेसा वेळ द्यायला हवा. अडचण पुढे येते: घट्ट प्रकार सोडवायला सुमारे 250 अंश सेल्सिअसपर्यंत तापवावं लागतं आणि शाफ्टच्या मुळाशी तेल अडवणारं रबराचं ऑइल सील असतं. तेव्हा लिव्हर पुन्हा काढायची वेळ आली, तर नवं सील आणून ठेवूनच सुरुवात करावी.

वेल्डिंग की नवा शाफ्ट

शाफ्टचेच दाते गेले असतील तर खरी निवड या दोनांत आहे. वेल्डिंग अर्ध्या तासाचं काम, आणि लिव्हर पुन्हा हलणार नाही याची जवळपास खात्री. म्हणूनच ते मोहात पाडतं.

पण बऱ्याच इंजिनांत हा शाफ्ट क्लचच्या बाजूने बाहेर ओढावा लागतो. दुसऱ्या टोकाला लिव्हर वेल्ड केला, की तो इंजिनाच्या केसमधून (धातूच्या बाहेरच्या खोक्यातून) पलीकडे जाणारच कसा? सील बदलायचं असेल तरी तेच, आणि काही गाड्यांत लिव्हर काढल्याशिवाय बाजूचं कव्हरही सुटत नाही. म्हणजे आज वाचलेला वेळ उद्याच्या प्रत्येक कामात व्याजासकट द्यावा लागतो. वेल्डिंगच्या उष्णतेने सील जळू शकतं. विजेचा प्रवाह बेअरिंगमधून गेला तर तिथे खड्डे पडतात. बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट सोडवलं नाही तर तिथेही धोका आहे. पार्ट मिळतच नाही अशा जुन्या गाडीला मी वेल्डिंग मान्य करेन. तेव्हाही अर्थिंगची क्लिप शाफ्टच्या अगदी जवळ लावून, ओला फडका सीलवर ठेवून, ग्राइंडरने काढता येतील असे दोन छोटे टाके. पूर्ण गोल वेल्ड नको.

नवा शाफ्ट टाकायला तेल काढणं, क्लच कव्हर उघडणं, बहुतेक वेळा क्लचही उतरवणं, नवं गास्केट आणि सील, एवढा पसारा लागतो. काही इंजिनांत तर केस उघडावी लागते, ते आधी सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहून घ्या. काम मोठं आहे, पण त्यानंतर गाडी पुन्हा गाडीसारखी राहते, कुठे कायमची गाठ मारलेली नसते. क्लच प्लेट बदलायच्या असतील तर ते कव्हर तसंही उघडणार आहे. माझा सल्ला असा, की दाते अर्धवट शिल्लक असतील तर चीर रुंद करून, कंपाउंड लावून तोपर्यंत वेळ काढा आणि क्लचच्या कामातच शाफ्ट बदला.

हे काम लांबवत ठेवण्यात एक वेगळा तोटा आहे. गिअर अर्धवट अडकून सुटत राहिला की गिअरच्या बाजूचे डॉग, म्हणजे एकमेकांत अडकणारे खुंट, कडेने गोल होत जातात. मग लिव्हर नवा असला तरी गाडी गिअर सोडते.

दांडीवरून चालणारा लिव्हर

पायाचा लिव्हर शाफ्टवर थेट न बसता दांडीने जोडलेला असेल, तर वरचं सगळं त्या शाफ्टवरच्या छोट्या तुकड्याला लागू होतं. पण तिथे आधी लिव्हरचा बुश (लिव्हर ज्यावर फिरतो ती नळी) आणि दांडीच्या टोकांचे बॉल जॉइंट बघा, खेळ बहुधा तिथेच सापडतो. बुश बदलून ग्रीस भरलं तर बाकी काहीच करावं लागत नाही. दांडीच्या एका टोकाला सहसा उलटे आटे असतात, तेव्हा नट हलत नाही म्हणून जोर वाढवू नका, दिशा बदलून बघा. बसवताना दांडी आणि शाफ्टवरचा तुकडा यांच्यात काटकोनाच्या जवळचा कोन ठेवा, पायाचा जोर तेव्हा पुरा पोहोचतो.

काम झाल्यावर गाडी स्टँडवर घ्या, मागचं चाक हाताने फिरवत पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे गिअर टाका आणि परत खाली आणा. मार्करची रेघ पुन्हा ओढून ठेवा. शे-दोनशे किलोमीटरनंतर ती जोडलेलीच दिसली, तर बोल्टला पाना लावून एकदा खात्री करा आणि गाडी बिनधास्त चालवा.