अल्सामिक्सर की पाव्हूकंट्रोल: ५.१चा आवाज कोणाच्या हाती द्यायचा?

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या घरी लिनक्स मिंट २२ (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टम) असलेल्या कॉम्प्युटरला ५.१ स्पीकर, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर, जोडले, त्याच रात्री काकांनी निकाल दिला: "आवाज तं येऊन राह्यला, पन बोलनं काही समजत नाही बाप्पा." सिनेमातले संवाद बहुतेक सेंटर स्पीकरवर असतात, आणि आमचा सेंटर मुका होता. मागचे दोनही.

अशा वेळी लोक दोन हत्यारं सुचवतात: पाव्हूकंट्रोल आणि अल्सामिक्सर. दोन्ही आवाजाच्या पट्ट्या हलवणारे प्रोग्रॅम.

पाव्हूकंट्रोल माउसवर चालतं. आधी कॉन्फिगरेशनमध्ये 'ॲनालॉग सराउंड ५.१' प्रोफाइल निवडायचं. स्टिरिओ राहिलं तर पुढची सगळी खटपट वाया. मग आउटपुट डिव्हाइसेसमध्ये कुलपाचं चिन्ह उघडलं की सहा पट्ट्या सुट्या हलतात. कुलूप लावून एक जरी पट्टी सरकवली, तर सहाही एकाच पातळीवर येतात आणि अर्ध्या तासाची जुळवणी गेली पाण्यात. माझी दोनदा गेली.

अल्सामिक्सर टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) उघडतं, दिसायला रुक्ष, पण थेट साउंडकार्डाशी बोलतं. एफ६ दाबून कार्ड निवडा. सेंटर किंवा एलएफईच्या (म्हणजे सबवूफरच्या) पट्टीखाली 'एमएम' दिसलं तर तो चॅनल बंद आहे, एम दाबून उघडा. आमचा घोळ वेगळाच निघाला. बोर्डाला तीनच जॅक. तिथे निळा आणि गुलाबी जॅक एरवी आवाज आत घेण्यासाठी असतात. 'चॅनल मोड' २ वरून ६ वर नेल्यावर ते मागच्या स्पीकरांचे आणि सेंटर-सबवूफरचे झाले. पाव्हूकंट्रोलमध्ये हे बटणच नाही. खात्रीसाठी स्पीकर-टेस्ट ६ चॅनलवर, वेव्ह प्रकारात चालवली: एक बाई एकेका स्पीकरचं नाव घेते. काका खुर्ची फिरवून फिरवून ऐकत बसले.

अल्सामिक्सरची सेटिंग एरवी कॉम्प्युटर नीट बंद होताना साठवली जाते. आमच्याकडे लाइन (वीज) काही सांगून जात नाही. म्हणून जुळवून झालं की लगेच टर्मिनलमध्ये 'सुडो अल्साकट्ल स्टोअर' (sudo alsactl store) चालवा.

खरी कटकट पुढे आहे. ही दोन हत्यारं वेगळी दिसली तरी बऱ्याचदा त्याच पट्ट्या ओढतात. अल्सामिक्सरमध्ये सबवूफर खाली आणावा, आणि मुख्य आवाज वाढवताच तो परत वर. मिंट २२मध्ये आवाज सांभाळायला पाइपवायर आहे, तिथे त्याच्या सोबतच्या वायरप्लंबर या प्रोग्रॅमच्या कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाइलीत) त्या कार्डासाठी 'एपीआय.अल्सा.सॉफ्ट-मिक्सर' (api.alsa.soft-mixer) ट्रू करता येतं; मग पाइपवायर कार्डाच्या पट्ट्यांना हात लावत नाही, आवाज स्वतःच कमी-जास्त करतो. मिंट २१वर त्याच कामाला पल्सऑडिओ आहे. तिथे ॲनालॉग-आउटपुटच्या पाथ फाइलीत (कोणती पट्टी कशी हलवायची हे लिहिलेल्या फाइलीत) एलएफईचा व्हॉल्यूम 'मर्ज'चा 'इग्नोर' करावा लागतो, आणि अपडेट आलं की ती फाइल पुसली जाऊ शकते. त्यापेक्षा २२ टाका.

नुसता मागचा आवाज थोडा कमी-जास्त करायचा असेल तर पाव्हूकंट्रोल पुरे, टर्मिनलच्या नादी कशाला लागता? एखादा स्पीकर मुकाच असेल तर मात्र सुरुवात अल्सामिक्सरपासून. आणि सबवूफर स्वतःहून वर चढत असेल, तर अल्सामिक्सरमध्ये एकदा बसवा, साठवा, सॉफ्ट-मिक्सर चालू करा. आमच्याकडे आता तेच आहे. कीबोर्डवरची आवाजाची बटणं काकांच्या ताब्यात, सबवूफर जिथल्या तिथे.