लाळेतून कॉर्टिसॉल मोजणारा किट : आठ महिने वापरल्यावर

गेल्या मंगळवारी रिपोर्ट आला, कॉर्टिसॉल या ताणाच्या हार्मोनपुढे लाल अक्षरांत ‘कमी’. आईने तो वाचला आणि मला काहीतरी मोठं झालंय या धास्तीने रात्रभर झोपली नाही. नमुना मी संध्याकाळी सहाला, धावायला निघण्यापूर्वी दिला होता. रिपोर्टवर मात्र वेळ सकाळी 9.40, म्हणजे दुसऱ्या दिवशी कुरिअरवाल्याने डबा उचलला ती! जागं झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासात कॉर्टिसॉल सर्वांत वर जातं आणि मग दिवसभर उतरत राहतं. संध्याकाळचा आकडा सकाळच्या मर्यादेशी ताडला तर तो कमीच दिसणार. सगळी तपासणी वेळेवर उभी, आणि नळीच्या लेबलवर तारखेला जागा आहे, वेळेला नाही. चार फोन केले. ‘मॅडम, सिस्टीममध्ये वेळ आपोआप पडते,’ एवढंच उत्तर. पाचव्या फोननंतर रिपोर्ट सुधारून मिळाला.

मी मुंबई मॅरेथॉनची तयारी करते आहे. व्यायामाचा ताण अंगाला किती पडतो ते बघायचं म्हणून किट घेतला. एक नळी 1,400 रुपयांना पडते, त्यामुळे प्रत्येक चूक जिवाला लागते.

पहिले दोन महिने मी पहाटे हलकं धावण्याआधी आणि नंतर नमुने दिले. दर वेळी आकडा खाली. धावल्याने ताण उतरतो असं मी आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना सांगितलंही. मग एका रविवारी घरी नुसती बसून त्याच दोन वेळांना लाळ दिली, तर उतार जवळपास तेवढाच! तो धावण्याचा परिणाम नव्हता, घड्याळाचा होता. त्या 2,800 रुपयांचं मला अजिबात वाईट वाटत नाही. उलट किटच्या पत्रकात ही विश्रांतीच्या दिवसाची तुलना ठळक अक्षरांत हवी होती.

तेव्हापासून नमुने संध्याकाळीच देते, कारण मुळात पातळी खाली असते आणि व्यायामाने झालेली वाढ स्पष्ट दिसते. हलक्या धावण्यात फरक नगण्य. सिंहगडाच्या चढावर जोर लावून केलेल्या फेऱ्यांनंतर मात्र डेसिलिटरला 0.12 वरून 0.41 मायक्रोग्रॅम.

त्याच दिवशी फेऱ्यांआधी आणि नंतर रक्तही दिलं होतं : त्याच एककात 7.2 आणि 15.8. लाळेच्या आणि रक्ताच्या आकड्यांत एवढी तफावत बघून मला वाटलं किट फसवा आहे, पैसे परत मागायचेही ठरवलं. पण रक्ताची नेहमीची तपासणी एकूण कॉर्टिसॉल मोजते, आणि त्यातलं बहुतेक प्रथिनांना चिकटलेलं असतं. लाळेत उतरतं ते मोकळं. त्यातलाही काही भाग लाळग्रंथीत कॉर्टिसोन या निष्क्रिय रूपात बदलून जातो. शरीरात काम करतं ते मोकळंच, म्हणून लाळेचा आकडा लहान असला तरी कामाचा आहे. शिवाय घामाने रक्त दाट होतं, तेव्हा रक्तातली थोडी वाढ नुसत्या दाटपणाचीही असू शकते. रक्त देणाऱ्यांनी सोबत हिमॅटोक्रिट (रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण) करून घ्यावं. आणि सुई टोचायच्या भीतीनेही कॉर्टिसॉल चढतं. लाळेत ती भानगड नाही.

टेस्टोस्टेरॉन या हार्मोनसाठी मात्र हा किट घेऊ नका. यात लाळ कापसाच्या बोळ्यात टिपायची असते, आणि कापसामुळे टेस्टोस्टेरॉनचा आकडा खोटा वाढतो. त्याला लाळ थेट नळीत ओघळू द्यावी लागते. हिरड्यांतून रक्त येत असेल तर तो नमुना वायाच. दात घासणं, चहा, जेवण हे सगळं तासभर आधी आटपलेलं असावं.

आता मी प्रत्येक नळीवर कागदी चिकटपट्टी लावून झोपेतून उठल्याची आणि नमुन्याची वेळ मार्करने लिहिते, आणि घड्याळाशेजारी ठेवून फोटो काढते. दोन नळ्या उरल्या आहेत. पुढचा बॉक्स लेबलवर वेळेची ओळ छापल्याशिवाय मी मागवणार नाही, आणि तसं त्यांना लेखी कळवलं आहे.