50 पैशांचं पोस्टकार्ड, क्लायंटसाठी एकदम भारी
दिवाळीला क्लायंटना तेच ते व्हॉट्सॲप फॉरवर्ड पाठवणं मी बंद केलंय, आता पोस्टातून गठ्ठाभर कार्डं आणते आणि प्रत्येकाला हाताने दोन ओळी लिहिते, त्या पण त्याच माणसाबद्दलच्या, म्हणजे लेकीचं अरंगेत्रम (भरतनाट्यमचा पहिला जाहीर कार्यक्रम) कसं झालं, बागेला यंदा पाऊस बाधला का वगैरे. नाशिकच्या एका द्राक्षवाल्या दादांनी कार्ड टेबलाच्या काचेखाली ठेवलंय, खूप बरं वाटलं बघून! कंपनीचा शिक्का, ऑफर काही टाकू नका हं, लगेच जाहिरात वाटते. कार्ड उघडं असतं, कुणीही वाचतं, म्हणून तब्येतीचं विचारायचं तर अडीच रुपयांचं, घडी घालून चिकटवायचं आंतरदेशीय पत्र घ्या. जेल पेनची शाई कार्डावर फुटते, साधं बॉलपेनच वापरा. आणि आठवडाभर आधी टाका.