स्टॅन: उपयोजित बेझियन संशोधनासाठी घ्यावं का?

स्टॅनला पैसे पडत नाहीत. आधीची समजूत आणि डेटा जोडून अज्ञात राशींचे अंदाज काढणाऱ्या, म्हणजे बेझियन, मॉडेलांचं हे सॉफ्टवेअर बीएसडी या मुक्त परवान्यावर २०१२ पासून उपलब्ध आहे, आणि स्टॅनिस्लॉ उलाम या गणितज्ञाच्या नावावरून त्याचं बारसं झालंय. किंमत मोजावी लागते ती वेळात. एमएस्सीचा प्रोजेक्ट किंवा पीएचडी उपयोजित बेझियन संख्याशास्त्रात करायची असेल, तर सुरुवातीचे दोनेक महिने यात घालावेत का? आमच्या मते घालावेत, पण आपलं मॉडेल कसलं आहे ते आधी पाहून.

आर या संख्याशास्त्राच्या भाषेतून वापरणाऱ्यांनी सीएमडीस्टॅन-आर हे पॅकेज घ्यावं. जुनं आरस्टॅन क्रॅनवर, म्हणजे आरच्या पॅकेजांच्या मुख्य भांडारात, सहज सापडतं, पण ते मूळ स्टॅनच्या मागे रेंगाळतं. सीएमडीस्टॅन-आर स्टॅनच्या स्वतःच्या आर-युनिव्हर्स भांडारातून उतरवायचं आणि मग वेगळी आज्ञा देऊन सीएमडीस्टॅन, म्हणजे स्टॅनचा कमांड लाइनवरचा प्रोग्रॅम, बांधून घ्यायचं. विंडोजवर त्याआधी आरच्या आवृत्तीशी जुळणारं आरटूल्स (कंपायलर वगैरे साधनं) हवं, मॅकवर एक्सकोडची कमांड लाइन साधनं. नवख्यांचं घोडं बहुधा इथेच पेंड खातं, आणि कारण अगदी क्षुल्लक असतं: विंडोजवरच्या युजरच्या नावात मोकळी जागा असते, त्यामुळे फोल्डरच्या पत्त्यातही ती येते आणि बांधणी मध्येच कोसळते. सी ड्राइव्हवर थेट एक छोट्या, सलग इंग्रजी नावाचा फोल्डर करून त्यात बसवलं की काम होतं.

प्रत्येक मॉडेल आधी सी-प्लस-प्लसमध्ये उतरतं आणि मग कंपाइल होतं. साध्या लॅपटॉपवर यात अर्धा-एक मिनिट जातं. कोडमधला एक आकडा बदलला तरी पुन्हा तेवढंच. म्हणून प्रायरचे (डेटा पाहण्याआधीच्या समजुतीचे) आकडे कोडमध्ये ठोकून बसवू नयेत, डेटा म्हणून बाहेरून द्यावेत. प्रायर बदलला तर निष्कर्ष किती हलतो हे परीक्षक विचारणारच, तेव्हा कंपाइल न करता दहा वेळा चालवून दाखवता येतं.

चाचणीसाठी आठ शाळांचं जुनं उदाहरण अजूनही सगळ्यात चांगलं. प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीचा आठ अमेरिकन शाळांमध्ये दिसलेला परिणाम: २८, ८, -३, ७, -१, १, १८, १२. प्रमाणदोष अनुक्रमे १५, १०, १६, ११, ९, ११, १०, १८. पाठ्यपुस्तकात लिहितात तसंच लिहा: प्रत्येक शाळेचा खरा परिणाम, थीटा, नॉर्मल वितरणातला, मध्य म्यू, प्रमाण विचलन टाऊ. मूळ सेटिंगवर, म्हणजे ४ साखळ्या (नमुने काढण्याच्या स्वतंत्र फेऱ्या), प्रत्येकी १००० वॉर्मअप (सुरुवातीचे, टाकून द्यायचे नमुने) आणि १००० नमुने असं चालवलं की काही सेकंदांत उत्तर येतं, आणि सोबत 'डायव्हर्जंट ट्रान्झिशन्स'चा इशारा येतो.

हा इशारा म्हणजेच स्टॅन घेण्याचं खरं कारण. टाऊ शून्याकडे सरकला की आठही थीटा एकमेकांना चिकटतात आणि पोस्टीरियरला, म्हणजे डेटा पाहिल्यानंतरच्या वितरणाला, नरसाळ्याचा आकार येतो. नमुने शोधत फिरणाऱ्या सँपलरचं नरसाळ्याच्या तोंडापाशी योग्य असलेलं पाऊल मानेपाशी फार मोठं पडतं, हिशेब भरकटतो आणि हा इशारा येतो. सँपलर मानेत शिरतच नाही आणि टाऊचा अंदाज वर सरकतो. गिब्जच्या पद्धतीवर (एकेक राशी आळीपाळीनं बदलत) चालणारं जॅग्ज हे दुसरं बेझियन सॉफ्टवेअर अशा मॉडेलमध्ये तसंच अडखळतं, पण चकार शब्द काढत नाही. स्टॅन कटकट्या आहे, आणि संशोधनात कटकट्या सोबती परवडतो.

इशाऱ्यावर नवखे दोन गोष्टी करून पाहतात. पहिली, नमुने दुप्पट करणं. त्यानं काही साधत नाही, कारण चूक नमुन्यांच्या संख्येत नसून सँपलर न पोचलेल्या जागेत आहे. दुसरी, अडॅप्ट डेल्टा (पाऊल किती जपून टाकायचं याची सेटिंग) ०.८ वरून ०.९५ किंवा ०.९९ करणं. पाऊल लहान होतं, वेळ वाढतो, इशारे कमी होतात, पण नेहमी संपत नाहीत. खरा उपाय मांडणी बदलण्याचा: झेड प्रमाणित नॉर्मल घ्यायचा आणि थीटा = म्यू + टाऊ × झेड असा काढायचा. गणित तेच राहतं, नरसाळं मात्र सपाट होतं. तरी ही मांडणी सगळीकडे चिकटवू नये. प्रत्येक गटात भरपूर निरीक्षणं असतील तर मूळ मांडणीच वेगानं चालते आणि झेडवाली रखडते.

बाकी निकष थोडक्यात: आर-हॅट (साखळ्या एकमेकींशी जुळल्या का याचं माप) १.०१ च्या आत हवा. जुन्या प्रबंधांतली १.१ ची मर्यादा आता कोणी ऐकून घेऊ नये. ४ साखळ्यांसाठी परिणामकारक नमुनासंख्या (मिळालेली माहिती किती स्वतंत्र नमुन्यांइतकी आहे ते) मध्यासाठी आणि शेपटीसाठी किमान ४०० हवी. ट्रीडेप्थ (एका नमुन्यासाठी सँपलर किती लांब जातो त्याचं माप) १० ला टेकल्याचा इशारा मुख्यतः वेगाबद्दलचा असतो, त्यानं लगेच घाबरायचं कारण नाही.

कोड लिहायचा कंटाळा असेल तर पॉल ब्युर्कनर यांचं बीआरएमएस हे आरचं पॅकेज आहे. आरच्या नेहमीच्या सूत्रलेखनात बहुस्तरीय मॉडेल लिहा, स्टॅनचा कोड ते स्वतः तयार करतं. बहुतेक उपयोजित प्रबंधांना एवढं पुरतं. खोट एकच: सहचलांच्या गुणकांना ते मुळात सपाट (सगळ्या आकड्यांना सारखंच वजन देणारं) प्रायर देतं. त्यामुळे डेटा न दाखवता फक्त प्रायरमधून नमुने घेऊ गेलं तर ते अडतं, आणि प्रायर तपासलाच नाही हे परीक्षकाला लगेच कळतं. प्रायर हातानं द्या. एकेक निरीक्षण वगळून भाकीत तपासणाऱ्या लू पॅकेजनं मॉडेलांची तुलना करताना पॅरेटो के (त्या निरीक्षणाचा हिशेब किती बेभरवशाचा आहे याचं माप) ०.७ च्या वर गेलेली निरीक्षणं आधी उघडून पाहा, तुलनेचा तक्ता नंतर.

स्टॅन कोणी घेऊ नये, हेही सांगायला हवं. पूर्णांकी अज्ञात राशी यात चालत नाहीत. मिश्रण मॉडेल किंवा बदलबिंदू मॉडेल करायचं तर त्या राशींवर बेरीज कागदावर करून लॉग-सम-एक्स्प या फलनात (घातांकांच्या बेरजेचा लॉग) उतरवावी लागते. बेरीज जमली तर मॉडेल उत्तम पळतं, पण बीजगणित कच्चं असेल तर जॅग्ज बरं. शेकडो जिल्ह्यांच्या रोगनकाशासारख्या अवकाशीय मॉडेलांना इन्ला हे नमुने न काढता जवळपासचं उत्तर देणारं पॅकेज कितीतरी वेगवान पडतं. पायथॉनमध्येच वावरणाऱ्याला त्याच भाषेतलं पायएमसी सोयीचं, आणि जीपीयू हाताशी असेल तर नंपायरो. शिवाय इंटरनेटवरचे जुने कोड उतरवून घेताना सावध राहा: ॲरे लिहिण्याची जुनी पद्धत २.३३ आवृत्तीपासून बादच झाली आहे.

या साधनाभोवती संधी कुठे आहेत? मूळ गट कोलंबिया विद्यापीठात संख्याशास्त्रज्ञ अँड्र्यू गेलमन यांच्याभोवती जमला. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात आकी वेहतारी निदानपद्धतींवर काम करतात. त्यांच्या अभ्यासक्रमाची व्याख्यानं आणि स्वाध्याय सगळ्यांना खुले आहेत, आणि एमएस्सीच्या दोन सत्रांच्या मधल्या सुट्टीत ते उरकण्यासारखे आहेत. कोव्हिडकाळात लंडनच्या इंपीरियल कॉलेजनं युरोपातल्या निर्बंधांचा परिणाम मोजला तो स्टॅनवरच. फेसबुकच्या प्रॉफेट या भाकितं करणाऱ्या साधनाच्या पोटातही तेच आहे. वैद्यकीय उपकरणांच्या चाचण्यांत बेझियन पद्धती कशा वापराव्यात, यावर एफडीए या अमेरिकी औषध नियामक संस्थेनं २०१० मध्येच मार्गदर्शिका काढली, त्यामुळे औषध आणि उपकरणांच्या चाचण्या करणाऱ्या कंपन्यांतही हे कौशल्य विकलं जातं. आपल्याकडे तर धागा फार जुना आहे: पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभाग उभा करणारे वसंत शंकर हुजूरबाजार हे केंब्रिजला हॅरल्ड जेफ्रीझ यांचेच विद्यार्थी, म्हणजे ज्यांच्या नावाचा प्रायर आपण आजही वापरतो त्यांचे.

परदेशी मार्गदर्शकाला पत्र पाठवताना 'बेझियनमध्ये रस आहे' हे वाक्य निरुपयोगी. त्याऐवजी एक छोटं काम जोडावं: आधी ठरवलेल्या आकड्यांवरून कृत्रिम डेटा तयार करायचा, मॉडेलनं ते आकडे परत शोधले का ते दाखवायचं, मग खरा डेटा, आणि शेवटी मॉडेलमधून काढलेल्या प्रतिकृती खऱ्या डेटासारख्या दिसतात का याची चित्रं. सगळं एका आज्ञेत पुन्हा चालायला हवं. प्रबंधातही सीएमडीस्टॅनची नेमकी आवृत्ती, साखळ्या, सीड (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा), सर्वांत मोठा आर-हॅट आणि डायव्हर्जन्सची संख्या छापावी. सीड तोच ठेवला तरी दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या कंपायलरवर नमुने तंतोतंत तेच येतीलच असं नाही, म्हणून काढलेले नमुनेही फाइल करून जपून ठेवावेत.

लॅपटॉप नवा घ्यायचाच असेल तर ४ साखळ्यांसाठी किमान ४ कोअर आणि १६ जीबी रॅम पाहा. ८ जीबीवरही चालतं, फक्त तेव्हा ब्राउझर बंद ठेवा.