मेजर थिअरी आधी की फील्ड थिअरी?

दुसऱ्या सेमिस्टरचे विषय निवडायची वेळ आली की ओळखीतली एम.एस्सी.ची मुलं हे विचारतातच. मेजर म्हणजे measure, लांबी-क्षेत्रफळ मोजण्याची थिअरी; फील्ड म्हणजे ज्यांत बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार चालतात अशा संख्यासंचांची. मी दोन्ही पेपर केलेत. आधी मेजर थिअरी घेतली, तीन आठवड्यांनी फॉर्म बदलून फील्ड थिअरीकडे आलो आणि मेजर पुढच्या वर्षी पुन्हा घेतली. त्यामुळे माझं पारडं फील्डकडे थोडं झुकलेलं असेल, ते धरून वाचा.

नेट (प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा) च्या हिशोबाने ठरवायचं म्हणाल तर फारसा फरक पडत नाही. तिथल्या अभ्यासक्रमात मेजरमधला लेबेग इंटिग्रल आहे आणि फील्डमधली गाल्वा थिअरीही आहे. आज ना उद्या दोन्ही करायचंच आहे.

मला नडली ती पूर्वतयारीची ओळ. आमच्या अभ्यासक्रमात मेजरपुढे फक्त ‘रिअल अ‍ॅनालिसिस’ लिहिलेलं होतं. त्यात माझे मार्क चांगले होते, म्हणून बिनधास्त घेतली. पहिल्याच पंधरवड्यात सिद्धता आली: बंद इंटरव्हलचं आउटर मेजर (ओपन इंटरव्हलनी झाकून काढलेलं कमीत कमी माप) त्याच्या लांबीइतकंच असतं. वाचून वाटतं, यात सिद्ध काय करायचं? पण अनंत ओपन इंटरव्हलनी ती रेघ झाकली, तर त्यांच्या लांब्यांची बेरीज मूळ लांबीपेक्षा कमी भरणार नाही, हे दाखवायचं असतं. त्यासाठी हाइने-बोरेल प्रमेय वापरून आधी मोजक्याच इंटरव्हलवर यावं लागतं. हाइने-बोरेल मला तोंडपाठ होतं, पण हत्यार म्हणून ते मी कधी हातातच घेतलेलं नव्हतं. संक्रांतीचे दिवस होते, सोलापुरात होम मैदानावर गड्डा (सिद्धेश्वरची जत्रा) भरलेला, घरचे सगळे तिकडे, आणि मी त्या एका पानावर बसून. मला वाटत राहिलं की आपल्याला मेजर कळत नाही. खरं तर कच्ची होती कॉम्पॅक्टनेस, म्हणजे हाइने-बोरेलमागची कल्पना, आणि हे उमगायला मला वर्ष लागलं. अडचण एका विषयातली, दुखणं दुसऱ्याच विषयातलं, आणि पेपर तुम्हाला ते सांगत नाही. माझा निर्णय या एका गोष्टीवर झाला.

शिवाय फळ उशिरा मिळतं. सिग्मा अल्जिब्रा, मेजरेबल फंक्शन, सिंपल फंक्शन एवढं ओलांडल्यावर इंटिग्रल येतो. लेबेगने १९०२ च्या प्रबंधात जे उभं केलं ते सुंदरच आहे. परिमेय संख्यांवर १ आणि बाकी सगळीकडे ० असं फंक्शन रीमानच्या पद्धतीत बसत नाही. इथे त्याचं उत्तर सरळ शून्य येतं. पण तिथवर पोचेपर्यंत धीर टिकला पाहिजे.

फील्ड थिअरीतही मी अडकलोच. इररिड्युसिबल पॉलिनोमिअलने तयार होणारी कोशंट रिंग फील्ड का होते, ते कळेना. पण नेमकं काय येत नाही ते तिथल्या तिथे दिसलं: मॅक्झिमल आयडियल. टी.वाय.ची (बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाची) वही काढली, दोन संध्याकाळीत काम झालं. महिन्याभरात वर्गात ६० अंशांच्या कोनाचे पट्टी-कंपासने तीन समान भाग होत नाहीत, हे सिद्ध झालं. २० अंशांच्या कोसाइनची डिग्री (ती संख्या ज्याचं मूळ आहे अशा, परिमेय सहगुणकांच्या सर्वांत लहान पॉलिनोमिअलचा घात) परिमेय संख्यांवर ३ येते. पट्टी-कंपासने मिळणाऱ्या संख्यांची डिग्री मात्र १, २, ४, ८ अशी दोनाच्या पटीपटीने वाढते. शाळेत ‘असं होत नाही’ एवढंच ऐकलेलं. त्या दिवशी कारण हातात आलं, आणि घरी येऊन मी ते धाकट्या भावाला समजावत बसलो.

ही वाटही सपाट नाही. नॉर्मल आणि सेपरेबल एक्स्टेन्शनपासून चढ लागतो, आणि पूर्वतयारीत कुणी न लिहिलेली लिनिअर अल्जिब्रा रोज लागते. बेसिस आणि डायमेन्शन कच्चं असेल तर डिग्रीच समजणार नाही.

तिसऱ्या सेमिस्टरला फंक्शनल अ‍ॅनालिसिस किंवा प्रॉबॅबिलिटी नक्की घेणार असाल, तर मात्र मेजर लांबवू नका. लेबेग इंटिग्रलवर उभ्या असलेल्या एल-पी स्पेस तिथे लागतातच. मग सुट्टीत युनिफॉर्म कन्व्हर्जन्स नीट करून घ्या. शून्य ते एक-छेद-एन एवढ्याच ओपन इंटरव्हलवर एन आणि बाकी शून्य, अशी फंक्शन्स घेऊन बघा: लिमिट सगळीकडे शून्य, पण प्रत्येकाचा इंटिग्रल १. हे खटकलं असेल, तरच डॉमिनेटेड कन्व्हर्जन्स (लिमिट आणि इंटिग्रलची अदलाबदल कधी चालते ते सांगणारं प्रमेय) कशासाठी आहे ते कळतं.

कुणीच ठाम सांगत नसेल तर वही उघडून दोन प्रश्न सोडवा. एक, बंद इंटरव्हलवरचं सलग फंक्शन युनिफॉर्मली सलग असतं, हे हाइने-बोरेल वापरून दाखवा. दोन, √२ + √३ ची परिमेय संख्यांवरची डिग्री काढा. पहिला न बघता सुटला तर मेजर खुशाल घ्या. दुसराच सुटला, किंवा दोन्ही अडले, तर मी फील्ड थिअरी म्हणेन. दुसऱ्याचं उत्तर ४ आहे. ते का, हे शोधायला एक संध्याकाळ पुरते.